वायरमन अण्णांना, टाकीची बटणं वेगळी केल्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

रावेर-यावलकडच्या केळीबागांतल्या मोटारी आणि स्टार्टर यांतून वेळ काढून तुम्ही आमच्या खाऱ्या पाण्याच्या (समुद्री मासे आणि कोरल पाळायच्या) टाक्यांचं वायरिंग करून दिलंत. त्याबद्दल जळगाव-भुसावळकडच्या आम्हा टाकीवाल्यांतर्फे हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुमचा बोर्ड पाहणारा प्रत्येक जण विचारतो, रात्रभर एवढं सगळं चालू कशाला ठेवता? बंद केलं तर बिल वाचेल, घरघरही थांबेल.

उत्तर बोर्डातच आहे. डावीकडे फक्त दिवे, तेही टायमरवर. उजवीकडे खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, लाटा करणारा वेव्हमेकर, फेसातून घाण काढणारा स्किमर आणि हीटर. त्यांना हाताशी बटणच नाही, वर उंचावर एमसीबी. झोपायला जाताना दिसेल ते बटण बंद करणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच. त्यांच्या हातून मासे मरायचं आता टळलं.

कारण रात्री बंद व्हायचा तो फक्त दिवा. 26 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 6.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. उजेड असतो तोवर शेवाळ आणि कोरलच्या अंगातली सूक्ष्म शैवालं त्यात भर घालतात. अंधार पडला की तीही ऑक्सिजन ओढायला लागतात. मासे आणि लाइव्ह रॉकमधले (टाकीतल्या सच्छिद्र दगडांतले) जिवाणू तर ओढतच असतात. कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दिवसा 8.2 असलेला पीएच पहाटे 7.9-7.8 पर्यंत उतरतो. नेमकं त्याच वेळी पंप बंद, पाण्याचा पृष्ठभाग निपचित; मग सकाळी क्लाउनफिश वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसणारच. कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल तर आणखी वाईट. आतलं पाणी रात्रभर कोंडून नासतं आणि सकाळी बटण दाबलं की ती घाण थेट टाकीत येते.

बिलाचा हिशेब करू. रिटर्न पंप 25 वॅट, दोन वेव्हमेकर मिळून 20, स्किमर 15, एकूण 60. रोज आठ तास बंद ठेवले तर महिन्याला 14-15 युनिट वाचतात. तेवढ्यासाठी एक मासासुद्धा गमावणं परवडत नाही. आवाजच नको असेल तर पंपाखाली रबरी मॅट, कडक पाइपाऐवजी सिलिकॉन नळी, आणि वेव्हमेकर रात्री निम्म्या वेगावर, पण चालूच.

रेफ्युजियममधला (शेवाळ वाढवायच्या कप्प्यातला) छोटा दिवा तुम्ही उलट्या टायमरवर टाकलात, त्याचे वेगळे आभार. मोठे दिवे गेले की तो लागतो, कीटोमॉर्फा हे तिथलं शेवाळ रात्री वाढतं आणि पीएच फार पडत नाही. चुन्याची निवळी थेंब थेंब सोडणारा डोसरही त्याच वेळी चालतो.

आता लाइट जाण्याचं. लाइट गेली की पहिला मान वेव्हमेकरला, तोंड पृष्ठभागाकडे, हे तुम्ही पटवून दिलंत आणि इन्व्हर्टरवर प्रथम तोच घेतलात. 150 एएचच्या बॅटरीवर घरचे दोन पंखे धरूनही चार-पाच तास निघतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या हा हट्टही बरोबर होता. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. पाणी थंड करणारा चिलर इन्व्हर्टरवर घेतला नाहीत, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो झेपत नाही. लाइट आल्यावर तीन मिनिटांनी सुरू व्हावा म्हणून टाइम डिले लावलात, तोही लाखमोलाचा.

काम संपल्यावर मेन पाडून दाखवायची तुमची पद्धत सगळ्यांनी उचलावी. पंप थांबला की टाकीतलं पाणी उलटं सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, येतं. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत पातळी 3 सेंटिमीटर उतरली तरी 16 लिटर होतं. तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी हवी, नाहीतर फरशीवर समुद्र. रिटर्नच्या नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली 3-4 मिलिमीटरचं भोक असलं की तिथे हवा शिरते आणि ओढ तुटते. मात्र ते भोक मिठाने, शेवाळाने बुजतं. दर आठवड्याला काडी घालून बघावं लागतं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नये.

तापमानाला कंट्रोलर बसवलात तेही चांगलं झालं. जानेवारीत हीटर, एप्रिल-मेमध्ये पंखा, 27 ला चालू, 26 ला बंद. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सम्पवरचा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो, पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. 200 लिटरमधलं 5 लिटर उडालं की क्षारता (पाण्याच्या हजार भागांतलं मीठ) 35 वरून 35.9. भरपाई साध्या आरओ पाण्यानेच करायची, खाऱ्या नाही, आणि बोअरच्या तर नाहीच नाही.

वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण आम्ही दर महिन्याला दाबतो. वायरी प्लगखाली झोळ देऊन मग वर नेल्यात, त्यामुळे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

एक काम राहिलंय. तीन टाक्यांना अजून डायलचे जुने टायमर आहेत. लाइट दोन तास गेली की तेही दोन तास मागे पडतात आणि आठवडाभरात दिवे मध्यरात्रीपर्यंत जळतात. बॅटरीवाले डिजिटल आणून ठेवले आहेत. बागेतल्या कामातून सवड झाली की या.

आपले,
जळगाव-भुसावळकडची खाऱ्या टाकीची मंडळी