स्मरण: रविवारची बैठक आणि केसकरांवरचा अर्धा राहिलेला वाद

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय गेल्या वेळचाच, कारण तो संपलाच नाही: नभोवाणी मंत्री असताना बा. वि. केसकरांनी आकाशवाणीचं भलं केलं की श्रोत्यांना हिंदी चित्रपटगीतं वाजवणाऱ्या, श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे ढकललं?

दोन गोष्टी आधीच सांगतो, म्हणजे त्यात वेळ जाणार नाही. आकाशवाणीवरची हार्मोनियमबंदी केसकरांची नव्हे. ती १९४० मधली, आणि ते नभोवाणी मंत्री झाले १९५२ मध्ये. चित्रपटगीतंही त्यांनी एका फटक्यात बंद केली नाहीत. आधी वेळ कमी झाला, मग गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं थांबलं, त्यावरून निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच काळातला, हेही पारड्यात टाका. माझं मत मात्र ठाम आहे: दर बुधवारी लोक 'बिनाका गीतमाला' या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमासाठी सिलोनला कान लावून बसायचे, त्याची जबाबदारी केसकरांवर येतेच. १९५७ ची विविध भारती, म्हणजे आकाशवाणीची चित्रपटगीतं वाजवणारी सेवा, ही उशिरा आलेली कबुली.

मतं कडक असू देत. पण गेल्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांचं बोलणं तीनदा तोडलं गेलं, ते मला फार लागलं. त्यांनी तो काळ व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओ सेटसमोर बसून ऐकलाय. या वेळी सुरुवात तेच करतील. त्यांचं होईपर्यंत कुणी मध्ये बोलू नये.

घरात रेडिओच्या लायसन्सचं जुनं पुस्तक असेल तर जरूर आणा.