तक्रार: कॅलिपर किटमधलं चुकीचं ग्रीस आणि तुमचा "चालवा, सेट होईल" हा सल्ला

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअर आणि क्वालिटी विभाग

विषय: पुढच्या ब्रेकच्या कॅलिपर रिपेअर किटबद्दल. बिल आणि फोटो सोबत जोडलेत.

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलोय. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची रबरं बदलायचं हे किट तुमचं आहे, त्यात काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते परत सांगत नाही. सरळ मुद्द्यावर येतो. तुमच्या किटमधल्या छोट्या पुडीत जे पिवळट ग्रीस आहे ते ब्रेकच्या रबराचं ग्रीस नाही. ते साधं मिनरल ऑइलवालं, बेअरिंगला लावतात तसलं ग्रीस आहे, वासावरूनसुद्धा कळतं. आणि तुमच्याच कागदावर, तिसऱ्या चित्राखाली, छापलंय की पिस्टन सीलला (पिस्टनभोवतीच्या रबरी रिंगला) सोबतचं ग्रीस लावून बसवा. मी पुढच्या डाव्या चाकाला ते तसंच केलं. माझ्याकडे ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा होता, सील नुसतं ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवता आलं असतं, पण कंपनीने पुडी दिलीय तर विचार करून दिली असेल असं कोणीही धरून चालतो.

कॅलिपर बसवला, ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं नीट ब्लीड केली, निप्पल (हवा काढायचा स्क्रू) वरच्या बाजूलाच होता (हे आधीच सांगतो, कारण तुमचे लोक तेच विचारतात), पेडल एकदम कडक. काही दिवस गाडी गुहागरातल्या गुहागरात चालली. मग ती डावीकडे ओढायला लागली आणि डावं चाक हाताला गरम लागायला लागलं. तेव्हाच मी तुम्हाला पहिला फोन केला. आणि तुमच्या माणसाने काय सांगितलं? "नवीन सील आहे ना सर, थोडं टाइट असतं, चालवा, चालवून चालवून सेट होईल."

चालवा. ब्रेकबद्दल, न बघता, फोनवर!

त्यानंतर आईला कराडच्या हॉस्पिटलात दाखवून आम्ही परत येत होतो, कुंभार्ली घाट उतरताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, अरे काय जळतंय बघ. मी पेडल दाबलं तर ते पार खाली मॅटजवळ गेलं. परत दाबलं, परत खाली, थोडासा ब्रेक लागला तेवढाच. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी रस्ता जरा रुंद होता तिथं कडेला घेतली. उतरून डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र करून उडाले. ब्रेक ऑइलची टाकी मात्र भरलेली, एक थेंब कुठे गळती नाही. आणि चाक गार झाल्यावर पेडल आपोआप परत वर आलं. म्हणजे काय झालं होतं ते तुमच्या क्वालिटीवाल्यांना सांगायची गरज नाही, कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली गेलं. ऑइल नवीन डॉट ४ ग्रेडचं, ज्याचा कोरडा (पाणी न शोषलेल्या ऑइलचा) उकळबिंदू स्टँडर्डप्रमाणे कमीत कमी २३० डिग्री असावाच लागतो. ते उकळलं म्हणजे कॅलिपर किती तापला असेल याचा विचार करा. गाडीला ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, माझ्या गाडीत ती तिरकी (एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक अशी) जोडलेली आहेत, पुढचं डावं गेलं तरी पुढचं उजवं धरून राहिलं, म्हणून आम्ही दोघं घरी पोचलो. त्यात तुमच्या किटचा काही हात नाही.

गाडी टो करून आणली, भाडं माझ्या खिशातून. मग जॅकवर घेऊन शांतपणे एकेक गोष्ट तपासली. पेडल दाबून सोडलं, डावं चाक हाताने फिरेना. निप्पल उघडला, तरी फिरेना. प्रेशर अडकलेलं असतं, म्हणजे होज पाईप आतून बंद झालाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलकडून ऑइल ढकलणारा पंप) ऑइल परत घेत नाहीये, तर निप्पल उघडल्या उघडल्या चाक सुटलं असतं. ते सुटलं नाही, म्हणजे जाम कॅलिपरमध्येच. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिन काढल्या, दोन्ही बोटाने सरकत होत्या. राहिला पिस्टन. तो बसवताना अंगठ्याने आत गेला होता, आता सी-क्लॅम्प लावून सुद्धा हलेना. बाहेर काढायला नाकी नऊ आले, आणि आतलं सील पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं खाचेत घट्ट बसलेलं. बाहेर काढलं ते परत त्याच खाचेत जाईना.

या सीलचं काम काय आहे? पेडल दाबलं की ते पिस्टनबरोबर जरासं वाकतं, सोडलं की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं, तेवढ्यानेच पॅड डिस्कवरून सुटतो. दुसरी स्प्रिंग वगैरे तिथे नसते, जे काय आहे ते हे रबर. ते फुगलं की पिस्टन मागे यायचाच बंद. तुमच्या पाकिटावर सीलचं मटेरियल ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असं छापलंय. ईपीडीएम ब्रेक ऑइलला उत्तम, मिनरल ऑइल आणि ग्रीसला अजिबात चालत नाही, फुगतं. हे माझ्यासारख्या बागायतदाराला माहीत आहे आणि ज्यांनी पाकिटावर ईपीडीएम छापलं त्यांनीच आत ही पुडी टाकली.

उजव्या बाजूसाठी घेतलेलं दुसरं किट तसंच न फोडलेलं होतं. ते फोडलं, त्यातलं सील कात्रीने बरोबर अर्धं कापलं, दोन्ही तुकडे पट्टीवर धरून सारखे आहेत हे बघितलं. एक तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ब्रेक ऑइल घालून ठेवला, दुसरा तुमच्याच पुडीतल्या ग्रीसमध्ये. काढल्यावर ऑइलमधला होता तसाच, ग्रीसमधला लांबीलाही वाढला, जाडीलाही वाढला आणि नखाने दाबला तर खड्डा पडून राहतो. पट्टीसकट फोटो जोडलाय. दोन्ही तुकडे आणि उरलेलं ग्रीस माझ्याकडे जपून ठेवलंय.

हे सगळं मी आजच्या फोनवर सांगितलं. तो फोन रेकॉर्ड होतो असं तुमची टेप सांगते, तर कृपा करून ऐका. तुमचे एक्झिक्युटिव्ह मधेच तोडून म्हणाले, "सर, तुम्ही सर्टिफाइड मेकॅनिक आहात का?" मी म्हटलं नाही. "मग ब्रेकला हात लावायचा नव्हता ना." मी म्हटलं, अहो, तुमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात आहे, घरच्या घरी बसवा, म्हणून. त्यावर उत्तर नाही. मग म्हणाले, "ऑइल कुठलं टाकलं?" डॉट ४. "तेच तर सर, आमचं किट डॉट ३ चं आहे." मी सांगितलं की डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलचीच, सील दोन्हीला तेच चालतं, आणि तुमच्या कागदावर दोन्ही लिहिलीयत. परत उत्तर नाही. कीबोर्डचा आवाज येत होता फक्त. मग विचारलं, "कुठून बोलताय सर?" गुहागर. "हां, मग कोकण. समुद्राची खारी हवा सर, कोकणातल्या गाड्यांना होतंच हे. ग्रीस म्हणजे ग्रीस असतं, त्याने काही होत नाही."

ग्रीस म्हणजे ग्रीस असतं, हे ब्रेकचे पार्ट विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलतो. खाऱ्या हवेने काय होतं ते आम्हाला शिकवू नका. आम्ही इथेच जन्मलो. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, डस्ट कव्हर फाटलं की पिस्टनवर गंजाचे ठिपके पडतात, म्हणून तर मी किट मागवलं होतं. खाऱ्या हवेने बरणीतलं रबर फुगत नाही, आणि फुगलंच असतं तर शेजारच्या बरणीतलं पण फुगलं असतं. हे मी त्यांना बोललो तर म्हणाले "तुम्ही लॅब रिपोर्ट पाठवा सर," आणि फोन कट. मी ठेवला नाही, तिकडून ठेवला.

आईचं वय आणि तब्येत मी त्यांना सांगितली होती. बऱ्या आहेत का, एवढं सुद्धा विचारलं नाही.

आता माझं म्हणणं. दोन्ही किटचे पैसे, टोचं भाडं, नवीन डिस्क आणि पॅड, आणि मास्टर सिलिंडर किट व होज पाईप यांचे पैसे मला परत हवेत, कारण ते ग्रीस ऑइलमध्ये मिसळलंय आणि आता पुढची-मागची सगळी रबरं संशयात आहेत, सगळी लाइन धुऊन काढावी लागणार आहे. बिलं जोडलीयत. पण त्याच्या आधी, आणि हे माझ्या पैशांपेक्षा महत्त्वाचं आहे, या बॅचची किटं बाजारातून उचला. बॅच नंबर फोटोत दिसतोय. चिपळूणच्या ज्या दुकानातून मी घेतलं तिथं अजून शेल्फवर खोकी आहेत, मी स्वतः बघितली. ती ज्यांनी नेली असतील ते सगळेच काही गुहागरात फिरत नसतील, कोणी आंबा घाट उतरत असेल, कोणी फोंडा घाट, आणि फोन केला तर तुमचा माणूस त्यांना पण सांगणार, चालवा, सेट होईल.

कित्येक वर्षं तुमचेच पार्ट वापरतोय. क्लच केबल, फिल्टर, वायपर, सगळं, आमच्या वाडीत चार लोकांना मीच सांगून घ्यायला लावलेत. आता त्यांच्याकडे जाऊन सांगावं लागलंय की ते किट घेतलं असेल तर गाडीला लावू नका. वाईट वाटतं हे करायला.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर स्वतंत्रपणे टाकलेली आहे आणि ग्राहक जिथं राहतो तिथं केस करता येते, तेव्हा तुमचं हेड ऑफिस कुठल्या शहरात आहे याने मला फरक पडत नाही. फुगलेलं सील, दोन्ही तुकडे आणि न वापरलेल्या पुडीतलं ग्रीस तिथं टेबलावर ठेवीन, लॅबला ते पाठवतील.

तोवर मला फोन करू नका, मेल करा. आणि त्या पुडीत नेमकं कुठलं ग्रीस भरलंय ते त्या मेलच्या पहिल्या ओळीत लिहा.

तुमचा ग्राहक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी