हाताची मजुरी मांडणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुम्ही आमच्या बचत गटाच्या सीआरपी, म्हणजे गटांना हिशोबात नि कामात मदत करणाऱ्या ताई. इतक्या बायकांच्या वह्या तपासता, तुम्हाला ती दुपार आठवणारही नाही. मला मात्र लख्ख आठवते.

बैठक संपल्यावर मी घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटली होती. तुकडा मोडत तुम्ही विचारलंत, "ही विकतेस का गं?" मी म्हणाले, "भाकरी कोण विकत घेणार? घरोघर थापतातच की." तुम्ही माझ्या वहीचं मागचं पान उघडलंत. जोंधळे, दळण, तीळ, सरपण, पिशवी, एकेकाचे पैसे मांडलेत. मग थांबून म्हणालात, "आणि तुझा हात?"

सोळा वर्षं मी भाकरी थापत होते. काठवटीत पीठ मळायचं, पातळ थापायचं, तव्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि भाजलेली भाकरी चुलीच्या अंगाला उभी करून ठेवायची. जाळ वाढला की करपते, कमी पडला की वातड होते. एवढ्या कामाचे पैसे होतात, हे तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

बाईनं धंदा काढला की लोक म्हणतात, परिस्थितीनं काढायला लावला. परिस्थिती तर आधीही तीच होती! लेकीच्या वह्यांसाठीही हात पसरावा लागायचा. तालुक्याच्या एका बँकेत गेले, तर नवऱ्याची सही आणि सातबारा मागितला. माझ्या नावावर कुठला सातबारा? गटानं १०,००० रुपये दिले ते माझी दर आठवड्याची बचत बघून, तारण न मागता.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत. १९५९ साल, गिरगाव, सात बायका आणि उसने ८० रुपये. ऐकून ऊर भरून आला. पण खरं सांगते, धीर आला तो मागच्या गल्लीतल्या वैनींमुळे. शेळ्या विकून त्यांनी शिलाई मशीन घेतली होती. तुम्ही मला मुद्दाम त्यांच्या घरी नेलंत, त्यांचा हिशोब त्यांच्याच तोंडून ऐकवलात. आपल्यासारखीच, आपल्याच पाण्याच्या रांगेत उभी राहणारी बाई करते म्हटल्यावर मग आपलंही मन धजतं.

सासूबाई म्हणायच्या, "भाकरी विकायची? लोक काय म्हणतील?" तुम्ही दोन तास त्यांच्याजवळ बसलात, त्यांच्याकडून चटणीचं प्रमाण लिहून घेतलंत. आता शेंगा भाजायचं काम त्या कुणाला करू देत नाहीत. अन्न नोंदणीचा अर्जही तुम्हीच मोबाइलवर भरलात. फी १०० रुपये, आणि मी त्याच्या भीतीनं दोन महिने घालवले होते.

आज दोघी शेजारणी माझ्याबरोबर थापतात. त्यांची मजुरी मी दर शनिवारी हातात देते, उधारी ठेवत नाही.

वहीचं ते पान जपून ठेवलंय, ताई. पिशवीच्या खाली तुमच्या अक्षरात लिहिलंय: हात, ३ रुपये.

तुमची,
गटातली भाकरीवाली