‘व्हीलचेअर चालते’ एवढे पुरेसे नाही, दाराची रुंदी सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की क्रूझच्या जाहिराती पानपानभर येऊ लागतात. काहींच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे छोटेसे चित्र असते, काहींत ‘ज्येष्ठ व दिव्यांग प्रवाशांसाठी सोयीस्कर’ अशी ओळ. एजंटाला फोन केला तर उत्तर ठरलेले: ‘व्हीलचेअर चालते हो, काही काळजी करू नका.’ हे उत्तर खोटे नसते. जहाजाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, नाट्यगृहात खुर्ची खरोखरच चालते. ती अडते खोलीच्या दारात, बाथरूमच्या उंबऱ्यावर आणि बंदरात उतरताना. तोवर पूर्ण पैसे भरून झालेले असतात आणि जहाजाने धक्का सोडलेला असतो. घरात आजी, वडील, भाऊ, मुलगी, कोणीही व्हीलचेअर वापरत असेल, त्या कुटुंबांना पैसे भरण्याआधी उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

पहिले काम टेपने मोजण्याचे. ‘१८ इंची खुर्ची’ म्हणतात ती बैठकीची रुंदी. दारातून जायचे असते ते हाताने फिरवायच्या रिंगांसह, आणि एका बाजूच्या रिंगच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोजले की ती १८ इंची खुर्ची २५-२६ इंच भरते. खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याच्या बोटांसाठी आणखी किमान दोन इंच धरा. जहाजावरच्या साध्या खोलीचे दार साधारण २२ ते २४ इंच असते. म्हणजे साध्या खोलीत खुर्ची उघडी जातच नाही; घडी करून आत न्यायची आणि माणसाला उचलून. दिव्यांगांसाठीच्या खोलीचे दार साधारण ३२ इंच असते आणि आत खुर्ची पूर्ण वळवायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात, त्यामुळे नऊ-दहा महिने आधी विचारणा करावी लागते. शक्यतो जहाजाच्या मधल्या भागातली, लिफ्टजवळची खोली घ्यावी. टोकाच्या खोलीत हेलकावे जास्त जाणवतात आणि जाड गालिच्यावरून लांबच लांब कॉरिडॉरभर खुर्ची ढकलताना सोबतच्याचे खांदे भरून येतात.

सगळ्यात जास्त घोळ बाथरूममध्ये होतो, म्हणून त्यावर जरा विस्ताराने. जहाज डोलते तेव्हा आंघोळीचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून साध्या बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो. दिव्यांगांच्या खोल्यांत दोन प्रकार असतात आणि एजंट दोन्हींना एकच नाव देतात. एका प्रकारात उंबरा नसतो, शॉवरपर्यंत खुर्ची नेता येते, भिंतीला घडीची बैठक आणि आधाराचे दांडे असतात. दुसरा प्रकार चार पावले चालू शकणाऱ्यांसाठी असतो: दांडे असतात, दार थोडे मोठे असते, पण शॉवरला उंबरा असतो. पायांत अजिबात बळ नसलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारची खोली मिळाली, तर पाच दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसण्यावाचून गत्यंतर नाही. ‘शॉवरमध्ये चाके जातात का, उंबरा किती सेंटिमीटर?’ असा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या.

कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे हेही विचारा. हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते, म्हणूनच इथे तो जोर देऊन सांगतो. पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या माणसाला उजव्या बाजूने सरकता आले पाहिजे. जहाजाच्या दोन बाजूंच्या खोल्या पुष्कळदा एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. एकीत दांडा डावीकडे, दुसरीत उजवीकडे. त्यामुळे नुसता खोलीचा प्रकार न ठरवता खोलीचा क्रमांक आणि तिचा आराखडा मागवावा. पलंगाचेही तसेच. गादीची उंची खुर्चीच्या उशीच्या उंचीशी जुळली तर सरकफळी (खुर्चीतून पलंगावर सरकण्याची गुळगुळीत फळी) वापरता येते. चार इंचांचा फरक पडला तरी चढावर सरकणे जड जाते. घरी उचलण्यासाठी लिफ्टर वापरत असाल तर पलंगाखाली त्याचे पाय जायला चार-पाच इंच पोकळी हवी. खालून पेटीसारखा बंद पलंग असेल तर लिफ्टर जवळही जाणार नाही. आणि जेट स्प्रे परदेशी जहाजांवर बहुधा नसतो, तेव्हा आपली बाटली किंवा पाण्याचा मग सोबत ठेवा.

आता बंदरे. जाहिरातीत पाच ठिकाणांची नावे असली तरी प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागेलच असे नाही. पाणी उथळ असेल किंवा धक्का लहान असेल तर जहाज बाहेरच नांगर टाकते आणि माणसांना छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. या बोटीला टेंडर म्हणतात. लक्षद्वीपला मोठी जहाजे अशीच बाहेर थांबतात, ग्रीसच्या सँटोरिनीलाही तेच. जहाज आणि बोट दोन्ही वेगवेगळ्या लयीत वर-खाली होत असतात, त्यामुळे मधले अंतर आणि पायरीची उंची क्षणाक्षणाला बदलते. म्हणून बऱ्याच कंपन्यांची अट असते की प्रवाशाला स्वतः काही पावले टाकता आली पाहिजेत आणि खुर्ची घडीची हवी. बॅटरीची जड खुर्ची बोटीत घेतच नाहीत. हे सगळे जमले तरी शेवटचा शब्द त्या दिवशीचा समुद्र पाहून कप्तानाचा, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. पण लक्षद्वीप पाहायला म्हणून तिकीट काढले आणि बेट डेकवरूनच पाहावे लागले, तर ती चूक तिकीट विकणाऱ्याची. प्रत्येक बंदरापुढे ‘धक्का’ की ‘टेंडर’ हे लिहून मागा. कोची, मुरगाव, सिंगापूर येथे मोठी जहाजे धक्क्याला लागतात. पहिल्या सफरीला असाच मार्ग निवडावा.

धक्क्याला लागले तरी गँगवेचा, म्हणजे जहाज आणि धक्का जोडणाऱ्या फळीवजा पुलाचा, उतार राहतोच. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो आणि त्याबरोबर जहाजाचे दारही वर-खाली होते. खुर्चीसाठी सुरक्षित उतार १:१२ धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दार धक्क्यापासून चार फूट वर असेल आणि गँगवे वीस फुटांचा, तर उतार १:५ होतो. एकट्याने ढकलायची ही जागा नव्हे. कर्मचाऱ्यांना विचारून तासभर थांबले तर पाणी बदलते, किंवा वेगळ्या मजल्यावरचे दार उघडतात. उतरताना खुर्ची नेहमी पाठमोरी न्यावी, नाहीतर माणूस पुढे घसरतो. पुढून धरणाऱ्याने पट्ट्याला किंवा फूटरेस्टला हात न घालता मुख्य नळीचा सांगाडा धरावा. फूटरेस्ट आणि आर्मरेस्ट निघणारे भाग आहेत, ऐन वेळी तेच हातात येतात.

ब्रेकबद्दल एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट. साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबला जातो. टायरमधली हवा कमी झाली की तो पकड घेत नाही, आणि डोलत्या जहाजावर ब्रेक लावलेली खुर्ची हळूहळू सरकते. निघण्याआधी हवा भरून घ्या. छोटा पंप, एक ट्यूब, आपल्या खुर्चीला लागणाऱ्या ॲलन की आणि मूठभर केबल टाय बरोबर ठेवा. समुद्रात खुर्ची दुरुस्त करणारे दुकान नसते. किनाऱ्यावर फिरून आल्यावर पुढची छोटी चाके गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत. खारे पाणी बेअरिंगमध्ये राहिले तर चाके कुरकुरू लागतात आणि पुढे गंजून अडकतात.

बॅटरीची खुर्ची खोलीतच चार्ज करावी लागते. कॉरिडॉर ही संकटकाळी बाहेर पडण्याची वाट असल्याने तिथे खुर्ची ठेवू देत नाहीत. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक जहाजांवर तपासणीतच काढून घेतात, कारण जहाजाच्या वीजव्यवस्थेचे अर्थिंग जमिनीवरच्यासारखे नसते आणि असा बोर्ड तापून पेटू शकतो. विमानाने सिंगापूरला जाऊन जहाज धरणार असाल तर बॅटरीचे वॉट-अवर आधी काढा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४०. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीसाठी विमानात मर्यादा ३००ची आहे. विमानाचे तिकीट काढतानाच व्हीलचेअरच्या मदतीचा कोडही नीट सांगा. पायऱ्या चढता येत असतील तर डब्ल्यूसीएचआर, पायऱ्या नाहीत पण आसनापर्यंत चालता येते तर डब्ल्यूसीएचएस, आसनापर्यंत उचलून न्यावे लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी. एजंट सवयीने पहिला कोड टाकतात आणि मग विमानतळावर आयल चेअर, म्हणजे विमानातल्या अरुंद वाटेतून आसनापर्यंत नेणारी छोटी खुर्ची, तयारच नसते.

संकटकाळचा प्रश्न कोणाला विचारायला आवडत नाही, पण विचारायलाच हवा. आग लागली किंवा जहाज सोडायची वेळ आली तर लिफ्टच्या भरवशावर राहता येत नाही. ज्यांनी आधी सांगितले आहे त्यांचीच नावे मदतीच्या यादीत असतात. जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, संकटात मदत लागेल असे कळवलेल्या प्रवाशांची नोंद करून ती निघण्यापूर्वी कप्तानाकडे द्यावी लागते. तेव्हा ‘थोडे चालतात तसे’ असे मोघम लिहू नका. किती पायऱ्या, किती मिनिटे, उचलायला किती माणसे, वजन किती, हे स्पष्ट कळवा. सराव कवायतीच्या वेळी लाइफ जॅकेट बसल्या जागी घालून पाहा. उभ्याने बरोबर बसणारे जॅकेट बसल्यावर हनुवटीला लागते.

औषधे, कॅथेटर, डायपर मोजून दुप्पट घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. मोठे सामान खोलीत यायला संध्याकाळ होते. मळमळीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते, त्यामुळे मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्रवास विम्यात जुना आजार लपवू नये.

इथून मुंबईच्या क्रूझ टर्मिनलला, म्हणजे बॅलार्ड पिअरला, पोहोचण्याचेही नियोजन लागते. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्ग, चेंबूरला ईस्टर्न फ्रीवे आणि ऑरेंज गेटला उतरून पुढे हा रस्ता बरा. पण ॲपवरून बोलावलेली टॅक्सी बहुधा सीएनजीची, डिकीत टाकी, आणि घडी केलेली खुर्ची ठेवायला जागाच नाही. आदल्या दिवशी सात आसनी गाडी ठरवून मागची रांग पाडून घ्या, किंवा वर कॅरिअर असलेली गाडी आणि दोरी. लोकलचा दिव्यांग डबा सामानासह धरू नये. फलाट आणि डबा यांतल्या फटीत पुढची चाके अडकतात. समुद्र मानवतो का हे स्वस्तात पाहायचे असेल तर पावसाळा सोडून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला जाऊन या. गाड्या जिथून चढतात त्याच रॅम्पने खुर्ची बोटीत जाते आणि तासाभरात मान, पोट आणि ब्रेक तिघांचीही परीक्षा होते. वसई-भाईंदर रो-रो खाडीतली आहे, तिथे हेलकावे कळणार नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांची नावे घेतली आहेत. बंदराचे नाव नाही. पण त्याच कलमात वाहतुकीच्या सर्व साधनांचा उल्लेख आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी नसून बंधनकारक असले पाहिजेत असे सांगितले आहे. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलपासून बेलापूरच्या जेट्टीपर्यंत प्रत्येक ठिकाणी उताराचे प्रमाण आणि दाराची रुंदी फलकावर लिहावी, ही मागणी त्यामुळे रास्त ठरते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. क्रूझची जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराकडून चार आकडे मागून छापावेत: दिव्यांग खोल्यांची संख्या, त्यांच्या दाराची रुंदी, बाथरूमच्या उंबऱ्याची उंची आणि टेंडरने उतरावे लागणाऱ्या बंदरांची संख्या. एका ओळीत मावतात.

आपले,
व्हीलचेअरवरील प्रवाशांचे काही कुटुंबीय
ठाणे (पश्चिम)