काढलेला ताल

पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

फोनवर सांगायला गेलो तर तू 'हां हां, लिंक टाक' म्हणशील आणि ती लिंक कधीच उघडणार नाहीस, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. म्हणून पत्र, आणि सोबत ही सीडी. तुझ्या त्या म्हाताऱ्या गाडीत अजून सीडी चालते, तेव्हा सबब नको.

खरं तर ही घेतली होती यानाचेक या चेक संगीतकारासाठी. त्याचा दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना), 1928 चा, मरणाच्या काही महिने आधी लिहिलेला. दुसऱ्याच्या बायकोवर म्हाताऱ्याचा जीव जडला होता, तिला शेकड्यांनी पत्रं लिहायचा, आणि शेवटी हे वाद्यांतलं पत्र. सुंदर आहे, वादच नाही. पण मी अडकलो त्याच्या शेजारच्या कृतीत. पावेल हास हा यानाचेकचाच शिष्य. ब्रनो गावात 1899 साली जन्मला, बापाचं चपला-बुटांचं दुकान, हाही काही काळ त्या दुकानात राबला. 1925 च्या उन्हाळ्यात सुट्टीला डोंगराळ मुलखात गेला आणि परत आल्यावर त्याने 'माकडांच्या डोंगरांतून' नावाचा क्वार्टेट लिहिला. माकडं वगैरे कुठे नाहीत. ब्रनोकर तिथल्या पठारी प्रदेशाला थट्टेने तसं म्हणतात.

दुसरा भाग आधी ऐक. नाव आहे 'गाडी, गाडीवान आणि घोडा'. तुझ्या आजोबांचा छकडा आठवतो? वंगण संपलेला, चढावर कुंथणारा? अगदी तो आवाज! दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, चौघंही तारेवरून बोटं घसरवत निघतात. घोडा हटून बसलाय, गाडीवान शिव्या घालतोय, मग कुरकुरत चाक हलतं आणि हळूहळू लय धरते. आपल्याकडे मींड सुरांना जोडते. इथली मींड वाटेत सूर सांडत जाते. मी स्वयंपाकघरात एकटाच हसलो. तिसऱ्या भागात चंद्र आणि शांतता. तोही चांगला, पण तुला लिहितोय ते चौथ्यासाठी.

चौथा म्हणजे 'बेभान रात्र'. त्यात हासने चौघांच्या जोडीला तालवाद्यं घातली होती, जाझ बँडमध्ये असतात तशी. क्वार्टेट म्हणजे तिकडचं देवघर, आणि हा गडी तिथे ड्रम घेऊन शिरला. पहिल्या प्रयोगानंतर ब्रनोत टीका झाली, आणि याने पुढे तो तालाचा भाग काढून टाकला. पुढे कितीतरी वर्षांनी, 2006 साली, प्रागच्या चार तरुण वादकांनी (त्यांनी आपल्या चमूला नावच 'पावेल हास क्वार्टेट' दिलंय) सुप्राफोन कंपनीसाठी हे ध्वनिमुद्रण करताना तो ताल परत आणला. वाजवायला स्कॉटलंडचा कॉलिन करी. 2007 मध्ये ग्रामोफोन मासिकाचा पुरस्कारही मिळाला, तो जाऊ दे, पुरस्कारांवर तुझा विश्वास नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या टीकाकारांचंच पटलं. कशाला हा दणदणाट? तिसऱ्या खेपेला आवाज वाढवून फक्त ठोक्यांकडे कान लावले. तेव्हा कळलं की ते चौघं आधीपासूनच तालवाद्याची कामं करताहेत. तारा ओरबाडतात, गजाने ठोके देतात. ड्रम येतो तो आगंतुक म्हणून नाही, पाट मांडून ठेवलेला असतो त्याच्यासाठी.

आणि मला आपलं गॅदरिंग आठवलं. सतार, बासरी, व्हायोलिन आणि तुझा तबला. मी त्या आयटमचा स्वयंघोषित संगीत दिग्दर्शक. आदल्या दिवशी मी म्हणालो, 'तबल्याने गडबड होतेय, नकोच.' तू सकाळपासून हातोडी घेऊन तबला मिळवत बसला होतास. काही बोलला नाहीस. जोडीवर टॉवेल टाकलास आणि दुसऱ्या दिवशी विंगेत उभा राहून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यास. त्या आयटमला लय नव्हती रे. तेव्हाच कळलं होतं मला. सांगायला एवढी वर्षं लागली.

हासचं पुढे काय झालं ते थोडक्यात लिहितो. तो ज्यू होता. नाझी आले तेव्हा बायको-मुलीला झळ लागू नये म्हणून त्याने घटस्फोट घेतला. 1941 च्या डिसेंबरात त्याला तेरेझीनच्या छावणीत नेलं. सुरुवातीला तिथे काही सुचेना, मग गिडिऑन क्लाइन या तरुण संगीतकाराने मागे लागून त्याला पुन्हा लिहितं केलं. त्याने तंतुवाद्यांसाठी लिहिलेली एक कृती नाझींच्या प्रचारपटात दिसते. तिथलाच एक कैदी कारेल आन्चर्ल संचालन करतोय, शेवटी हास वाकून नमस्कार करतो. 1944 च्या ऑक्टोबरात त्याला आउश्वित्झला पाठवलं आणि पोचल्यावर मारलं. आन्चर्ल वाचला. युद्धानंतर त्याला त्या कृतीचे वादकांचे कागद तेरेझीनमध्ये मिळाले, एक डबल बासचा सोडून. तो नंतर पुन्हा रचावा लागला.

हे सगळं माहीत असताना क्वार्टेट ऐकू नकोस, असं सांगणार होतो, पण आता लिहून बसलो. निदान लक्षात ठेव, 1925 साली तो सव्वीस वर्षांचा होता आणि सुट्टीवर होता.

चौथा भाग लागला की गाडी बाजूला घे. घरी ऐकलास तर डग्गा जवळ ठेव आणि मला सांग, यात कुठे सम सापडते का. मी तीनदा हात आपटला, तीनदा चुकला.

वहिनींना नमस्कार. सीडी परत हवी आहे.

तुझा,
विन्या