ऑक्टोपस काढताना आणि लिहिताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोटाळा कोणताही असो, त्या बातमीसोबतच्या चित्रात ऑक्टोपस हमखास असतो. मधोमध भलेमोठे टक्कल, रागीट डोळे, त्यांच्याखाली विचकलेले दात, आणि आठ भुजांच्या विळख्यात कुठे पैशांची थैली, कुठे इमारत, कुठे गयावया करणारा माणूस. मथळाही ठरलेला असतो. समुद्री जीवांचा अभ्यास करणारे म्हणून आम्हाला हे चित्र खटकते, कारण त्यात शरीररचना चुकते आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या चित्रातून जे सांगायचे असते तेही चुकते. चित्रकार आणि उपसंपादक यांना उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ही परंपरा जुनी आहे. व्हिक्टर ह्यूगोने १८६६ च्या कादंबरीत ऑक्टोपस चूषकांनी, म्हणजे भुजांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांनी, माणसाला जिवंतपणी शोषून घेतो असे रंगवले आणि युरोपभर या प्राण्याची धास्ती पसरली. १८७७ मध्ये फ्रेड रोझने युरोपचा व्यंगनकाशा काढला, त्यात रशिया शेजाऱ्यांच्या मानेभोवती भुजा टाकणारा ऑक्टोपस होता. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या ‘पक’ साप्ताहिकात उडो केपलरने स्टँडर्ड ऑइल कंपनी तशीच दाखवली: धड तेलाच्या टाकीचे, भुजा संसदेभोवती, आणि एक भुजा व्हाइट हाउसकडे सरकलेली. त्यानंतर तेल, रेल्वे, माफिया, बँका, जे जे पसरट आणि लोभी वाटले त्याला हेच रूप मिळाले. व्यंगचित्र म्हणून केपलरचे चित्र उत्तम आहे. अडचण त्याच्या नकलांची आहे.

चूषक रक्त शोषत नाहीत. चूषकाची बाहेरची मऊ वाटी पृष्ठभागावर घट्ट बसते, आतल्या पोकळीचे स्नायू आकुंचन पावून तिथला दाब कमी करतात आणि पकड बसते. आत शिरायला छिद्रच नसते. मात्र चूषकांना चव कळते. त्यांच्या पृष्ठभागावर रसायने ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणून दगडाच्या फटीत भुजा घालून न पाहताच खेकडा कोणता आणि दगड कोणता हे त्याला समजते. चित्रात चूषक भुजेच्या फक्त आतल्या बाजूला यावेत. सामान्य ऑक्टोपसला ते दोन ओळींत असतात, काही जातींना एकाच ओळीत.

आता ते ‘टक्कल’. ती मागची फुगीर पिशवी डोके नव्हे, धड आहे. जीवशास्त्रात त्याला प्रावार म्हणतात. कल्ले, तिन्ही हृदये, पचनाची व जननाची इंद्रिये आणि शाईची पिशवी हे सगळे त्यात असते. डोके म्हणजे ही पिशवी आणि भुजा यांच्या मधला आखूड भाग. डोळे आणि मेंदू तिथे, आणि भुजा थेट तिथूनच फुटतात. तोंड समोरून कधीच दिसत नाही. आठही भुजा जिथे जुळतात तिथे खालच्या अंगाला, मधोमध, ते असते आणि त्यात पोपटासारखी चोच असते. शरीरात टणक म्हणावा असा जवळजवळ तेवढाच भाग, त्यामुळे चोच जिथून जाईल तिथून उरलेला प्राणी जातो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर येथील मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस सुमारे ५० मीटर लांब नळीतून समुद्रात निसटला, तो याच जोरावर.

डोळ्यांखाली तोंड समजून जे गोल भोक काढतात ते बहुतेक वेळा नरसाळे असते. प्रावारातले पाणी, मलमूत्र आणि शाई त्यातून बाहेर फेकली जाते. डोळ्याची बाहुली गोल काढू नये. ती आडवी चीर असते, आणि प्राणी तिरका झाला तरी आडवीच राहते, कारण डोक्यातले तोल सांभाळणारे इंद्रिय डोळा फिरवून घेते. खोल समुद्रातल्या, कानांसारखे पर असलेल्या जातींना शाईची पिशवी नसतेच. त्यांना शाई उडवताना दाखवू नये.

भुजांच्या गाठी झालेले ऑक्टोपसही वारंवार छापून येतात. तशी गाठ पडत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तोडलेली भुजा समोर येईल ते धरत होती, अगदी कातडी सोललेली दुसरी भुजासुद्धा. पण ऑक्टोपसची कातडी पुढे आली की चूषक चिकटतच नव्हते. कातडीतल्या एखाद्या रसायनामुळे ते थांबतात, असा त्याचा अर्थ. मेंदूला आठ भुजांचा हिशेब ठेवावा लागत नाही, काम परस्पर भागते.

आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश भुजांमध्ये असतात. मेंदू ढोबळ आज्ञा देतो. वाकायचे कुठे, कोणत्या चूषकाने धरायचे, केव्हा सोडायचे, हे बरेचसे भुजेतच ठरते. तोडलेली भुजा चिमटा काढल्यावर मागे ओढली जाते, तिथे तर मेंदूचा संबंधच उरलेला नसतो. म्हणजे वर बसलेला एक सूत्रधार आणि त्याच्या इशाऱ्यावर हलणारे आठ हात, हे आपले लाडके रूपक या प्राण्याच्या नेमके उलट आहे. एकाच माणसाच्या हुकमावर चालणारी टोळी दाखवायची असेल तर कृपया ऑक्टोपस काढू नका. पण ज्या यंत्रणेत प्रत्येक शाखा आपापला निर्णय घेते, वरच्याला तपशील ठाऊक नसतो आणि एक शाखा तोडली तरी ती काही काळ हलत राहते व नंतर नवी फुटते, तिथे हे रूपक चपखल आहे. होय, ऑक्टोपसची तुटलेली भुजा पुन्हा वाढते.

मनोरंजनाच्या जगात हे एकदा फार नेमके साधले गेले. डॉक्टर ऑक्टोपस १९६३ मध्ये स्पायडर-मॅनच्या चित्रकथेत आला: चार यांत्रिक भुजा आणि स्वतःचे हातपाय चार, असा आठाचा हिशेब. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये मात्र त्या भुजांना स्वतःची बुद्धी दिली आहे आणि तिचा ताबा माणसाच्या मेंदूवर बसू नये म्हणून मानेमागे एक चिप बसवली आहे. ती जळते आणि अनर्थ होतो. खलनायक म्हणून तो भडक असेल, पण विचार करणारी भुजा ही कल्पना खऱ्या प्राण्याच्या फार जवळची आहे. आठ या आकड्यावर बेतलेल्या बाकीच्या गोष्टी निरुपद्रवी आहेत. हाँगकाँगमध्ये १९९७ पासून प्रवासाचे ऑक्टोपस कार्ड आहे. डेट्रॉइटच्या आइस हॉकी संघाचे चाहते १९५२ पासून मैदानात मेलेला ऑक्टोपस फेकतात, कारण त्या काळी करंडकासाठी आठ विजय लागत.

विळखा घालून पाठलाग करणारा राक्षस हेही खरे नाही. ऑक्टोपसच्या रक्तात तांबेयुक्त हिमोसायनिन असते. ते आपल्या हिमोग्लोबिनइतक्या कार्यक्षमतेने प्राणवायू वाहत नाही, त्यामुळे तो लवकर दमतो. पाण्याच्या झोतावर पोहताना शरीराला रक्त पुरवणारे मुख्य हृदय थांबते, म्हणून तो शक्यतो तळावर सरपटतो आणि बिळात राहतो. सर्वांत मोठी जात उत्तर पॅसिफिकमधली. तिचे प्रौढ साधारण १५ किलोचे भरतात आणि खात्रीची मोठी नोंद ७१ किलोंची आहे. जहाज बुडवणारा प्राणी इथे कुठेच नाही.

लोभाचे प्रतीक म्हणून तर तो मुळीच शोभत नाही. सामान्य ऑक्टोपस एक-दोन वर्षे जगतो. मादी लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी घालते, त्यांवर सतत ताजे पाणी फिरवते, खाणे सोडते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. या उपासामागे डोळ्यांजवळची एक ग्रंथी असते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी ती काढून टाकली तेव्हा माद्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टरे घळीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, एका मादीने तब्बल ५३ महिने अंडी राखल्याची नोंद आहे.

छायाचित्रांबद्दल एक सोपी खूण. ऑक्टोपसच्या बातमीला स्क्विडचे, म्हणजे माकुलाचे, छायाचित्र लागलेले आपण सगळ्यांनीच पाहिले असेल. स्क्विडला आठ भुजा आणि शिवाय दोन लांब स्पर्शक असतात, धड निमुळते आणि टोकाला पर असतात, चूषक देठावर असून त्यांना टणक कडे असते. मोजता येत नसेल तर धड पाहा. गोल, लिबलिबीत पिशवी असेल तर बहुधा ऑक्टोपस, बाणासारखे असेल तर स्क्विड.

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा आल्या की पॉलची आठवण काढली जाते. हा ऑक्टोपस २००८ मध्ये इंग्लंडमधील वेमथ येथे जन्मला आणि जर्मनीतल्या ओबरहाउझन येथील मत्स्यालयात राहिला. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, अशा आठही निवडी बरोबर आल्या. दोन पारदर्शक पेट्या, प्रत्येकीवर एका देशाचा ध्वज, आत एकेक शिंपला, आणि तो आधी ज्या पेटीतले खाईल तो संघ विजेता, अशी पद्धत होती. नाणे उडवूनही आठपैकी आठ येण्याची शक्यता २५६ मध्ये १ आहे. ती छोटी असली तरी अशक्य नाही, आणि त्या वेळी इतर प्राण्यांकडूनही भाकिते वदवली जात होती. ज्यांची चुकली ते विस्मरणात गेले. दोन वर्षे आधीच्या युरो स्पर्धेत पॉलने प्रत्येक वेळी जर्मनीच निवडली होती आणि सहापैकी चार बरोबर ठरल्या होत्या. हा तपशील क्वचितच छापला जातो.

त्याच्या निवडीला साधे कारणही असू शकते. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत, पण उजेडाची तीव्रता आणि आकार चांगले ओळखता येतात. आडव्या आणि उभ्या पट्ट्या तो वेगळ्या ओळखतो हे नेपल्सच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्यातच दिसले होते. जर्मनी, स्पेन, सर्बिया, त्याने निवडलेल्या तिन्ही ध्वजांवर ठळक आडवे पट्टे आहेत. हेच कारण होते असा आमचा दावा नाही. पण पुन्हा कुणी असे भाकीत बातमी म्हणून पाठवले तर वार्ताहराने विचारावे: पेट्यांच्या जागा दर वेळी अदलाबदल झाल्या का? शिंपले सारख्याच आकाराचे होते का? पेट्या ठेवणाऱ्याला निकालात रस होता का, आणि तो ऑक्टोपसला दिसत होता का? निवड झाल्याचे कोणत्या क्षणी मानले? सामना बरोबरीत सुटला तर काय, हे आधी ठरले होते का? पॉल २६ ऑक्टोबर २०१० रोजी मेला. त्याच्या जातीसाठी ते पिकलेले वय होते, त्यात गूढ काही नव्हते.

‘ऑक्टोपस परग्रहावरून आला’ ही बातमी तर परतपरत येते. २०१५ मध्ये एका ऑक्टोपसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गटातले शास्त्रज्ञ क्लिफ्टन रॅग्सडेल यांनी गमतीने परग्रहवासीयाची उपमा दिली होती. मूळ शोधनिबंधात ऑक्टोपसचे नाते इतर मृदुकाय प्राण्यांशीच जोडलेले आहे. झोपेत रंग बदलणाऱ्या ऑक्टोपसच्या चित्रफितीबद्दलही सांभाळून लिहावे. शांत झोपेच्या मध्ये छोटी, हालचालीची झोप येते आणि तेव्हा कातडीवर रंग उमटतात, एवढे दिसले आहे. त्याला स्वप्न पडते हे सिद्ध झालेले नाही.

शेवटची गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून तिच्याबद्दल आग्रह धरतो. पर्यटक हातावर एक इवलासा, निळ्या कड्यांचा सुंदर ऑक्टोपस खेळवतो आहे, अशी चित्रफीत ‘गोंडस’ म्हणून फिरते. हा प्राणी हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये, जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, उथळ पाण्यात आढळतो आणि तळहातावर मावतो. कडी झगमगू लागली म्हणजे तो बिथरला आहे. त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते. चावा बहुधा दुखतही नाही, पण काही मिनिटांत ओठ बधिर होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. चावलेला हात किंवा पाय पट्टीने घट्ट गुंडाळून हलू न देणे, तातडीने रुग्णवाहिका बोलावणे आणि श्वास मंदावताच तोंडाने श्वास देणे, तो कृत्रिम श्वसनयंत्र मिळेपर्यंत न थांबवणे, एवढेच हातात असते. माणूस निपचित पडलेला, डोळ्यांची बाहुली न हलणारी, तरी तो शुद्धीवर असू शकतो, म्हणून मेला समजून कुणी थांबू नये. श्वास चालू ठेवला तर विषाचा अंमल ओसरतो आणि पहिले २४ तास निभावलेले रुग्ण बहुधा पूर्ण बरे होतात. अशी चित्रफीत किंवा छायाचित्र आपल्या पानावर घ्याल तेव्हा यातली निदान प्रथमोपचाराची वाक्ये त्याखाली छापावीत, ही विनंती.

आपले,
समुद्री जीवांचे काही अभ्यासक