रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना, शेवंतीवाल्याकडून

मॅडम, नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीय. मी अलिबागचा, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात घोडागाडी नेणारा, ज्याची घोडी शेवंती पावसाच्या तोंडावर तुमच्याकडे आणली होती तो.

ऑपरेशन केलं त्या मोठ्या सरांचे आभार मानून झालेत, पेढे पण दिले. आतड्याला पीळ पडलेला, काळा पडलेला तुकडा कापून जोडलं, ते काम त्यांचंच. पण आमच्या आळीत सगळ्यांना वाटतं की टाके पडले की जनावर वाचलं. खरी लढाई नंतरच्या चार रात्री होती आणि तेव्हा जागं कोण होतं तर तुम्ही.

दुसऱ्या दिवशी शेवंती मान टाकून उभी, लीद नाही, पोटाला कान लावला तर काहीच नाही, एकदम शांत. मी आपला खुश की बाई आता लोळत नाहीये. तुम्ही नाडी मोजली, 72. नॉर्मल चाळीसच्या आत-बाहेर असते ना, तुमचा चेहराच बदलला. मग सांगितलंत की आतडं संपावर गेलंय, पाणी पुढे सरकत नाहीये, ते उलटं पोटात साठतंय आणि घोड्याला उलटी होतच नाही, पोटाचं तोंड इतकं घट्ट असतं की पोट फुटेल पण वर येणार नाही. एवढी वर्षं घोड्यात काढली आमच्या घराने, हे कोणाला माहीत नव्हतं. नाकातून नळी घातली तर हिरवट आंबूस पाणी बादलीभर, 9 लिटर! आणि आम्ही घरून निघायच्या आधी बाटलीने तेल पाजलेलं. त्यावरून तुम्ही जे झापलंत ते बरोबरच होतं, आधीच भरलेल्या पोटात अजून भर आणि फुफ्फुसात गेलं असतं तर वेगळंच.

मग दर दोन तासांनी नळी, बादली मोजायची, तेवढं सलाईन वाढवायचं. ते दात काढताना बधिर करायचं औषध असतं ना, लिडोकेन, तेच शिरेतून थेंब थेंब, जोरात गेलं तर घोडी थरथरते, पडते पण, म्हणून मला त्या थेंबांवर लक्ष ठेवायला बसवलंत. खुरांना बर्फ का लावताय विचारलं तर बोललात, पोटातलं विष पायात उतरतं, खूर सुटतो. मग बर्फ मी आणला, मासळीवाल्यांकडून, त्याला बांगड्याचा वास. तुम्ही काही बोलला नाहीत, शेवंतीनेच नाक मुरडलं. मधेमधे हळूहळू फिरवायचं, अंगणात दहा मिनिटं, पोटाला पट्टा बांधून.

चौथ्या पहाटे नळीतून जेमतेम तांब्याभर आलं. तुम्ही स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात, उजव्या कुशीला वर, बोललात थांब. मिनिटभर काही नाही आणि मग मोरीचं पाणी जावं तसा गडगडाट. मी रडलो, तुम्ही बघितलं नाही असं दाखवलंत.

सकाळी मूठभर ओलं गवत, दुपारी परत मूठभर. मला पोतंभर घालायचं होतं, तुम्ही हातच धरलात. चंदी, म्हणजे दाणा, किती दिवस बंद ते पण कागदावर लिहून दिलंत, तो कागद अजून तबेल्यात टांगलाय.

महिनाभर बांधून, मग नुसतं चालवणं, पावसाळा तसाच गेला. दिवाळीनंतर गाडीला जुंपली. आता चारा जमिनीवर टाकत नाही, वाळू पोटात जाते, टोपलीत घालतो. लीद बादलीत पाण्यात कालवून तळाला वाळू बसते का बघतो, बाबा हसतात.

आणि रोज रात्री उजव्या कुशीला कान लावून थांबतो. कधी कधी गडगडायला वेळ लागतो, तोवर पोटात गोळा येतो, माझ्याच.